रेणूंची दीप्ती व तिचे मापन : सरकीच्या ढेपेतील विष ओळखण्याची रीत

अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांत कापसाचे महत्त्व रुईपुरते नाही. एक क्विंटल कापूस जिनात घातला असता त्यातून रुई सुमारे एक तृतीयांश निघते आणि बाकीची बहुतेक सरकीच असते. सरकीचे तेल माणसाच्या पोटात जाते, व तेल काढून उरलेली ढेप आपल्या दुभत्या जनावरांच्या पुढ्यात येते. ढेप विकत घेताना आपण तिचा रंग पाहतो, वास घेतो, तुकडा मोडून पाहतो. ही परीक्षा उपयोगाची आहे. पण ढेपेत येऊ शकणाऱ्या एका विषापुढे ती पांगळी पडते. त्या विषास ओळखू येईल असा रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याला स्वतःची अशी एकच खूण आहे. ती म्हणजे, त्याच्यावर अदृश्य प्रकाश टाकला असता ते दृश्य प्रकाश परत देते.

ह्या खुणेचे शास्त्र काय, ती मोजतात कशी, आणि मोजलेल्या आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा व केव्हा ठेवू नये, हे समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

१. उष्ण प्रकाश व शीत प्रकाश

कंदिलाची ज्योत, भट्टीतील निखारा, जुन्या बल्बातील तापलेली तार, हे सर्व प्रकाश उष्णतेपासून निघतात. वस्तू जितकी अधिक तापेल तितका तिचा प्रकाश अधिक प्रखर व अधिक पांढरा होतो. परंतु पावसाळ्याच्या तोंडी बोरीबाभळींवर लखलखणारा काजवा हाती धरला तर चटका बसत नाही. तापल्यावाचून निघणाऱ्या अशा प्रकाशास शास्त्रात दीप्ती म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ आयलहार्ट वीडमान ह्याने १८८८ साली ह्या शीत प्रकाशास ल्युमिनेसन्स हे नाव दिले, व तेच आज जगभर रूढ आहे.

दीप्तीचे प्रकार तिला लागणारी शक्ती कोठून मिळते ह्यावरून पडतात. काजव्याच्या अंगी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो, व त्या रासायनिक क्रियेतील शक्ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. ही रासायनिक दीप्ती होय. ह्याच द्रव्याचा उपयोग करून दुधाचे डबे व यंत्रे नीट धुतली गेली आहेत की नाहीत हे आज तपासले जाते, कारण जिवाणूंच्या व अन्नाच्या अंशात असणारे एक शक्तिवाहक द्रव्य त्यास मिळाले की ते चमकते. दुसरा प्रकार असा की, द्रव्यावर बाहेरून प्रकाश टाकावा आणि त्याने तो घेऊन निराळ्या रंगाचा प्रकाश परत द्यावा. टाकलेला प्रकाश थांबताच ही दीप्ती थांबत असेल तर तिला प्रतिदीप्ती, म्हणजे इंग्रजीतील फ्लुओरेसन्स, म्हणावे. आणि मूळ प्रकाश बंद झाल्यावरही ती काही काळ रेंगाळत असेल तर तिला अनुदीप्ती, म्हणजे फॉस्फोरेसन्स, म्हणावे. घरातील नळीच्या दिव्यात पाऱ्याच्या वाफेपासून निघालेला अदृश्य प्रकाश काचेच्या आतील भुकटी घेते व पांढरा करून परत देते. अशा भुकट्यांवर आपल्या नागपूर व अमरावती येथील विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांतही संशोधन झालेले आहे. तथापि त्या भुकट्या म्हणजे स्फटिक होत. आपला आजचा विषय एकेका रेणूची दीप्ती हा आहे.

२. रेणू प्रकाश परत का देतो?

प्रकाशाचे रंग त्याच्या तरंगांच्या लांबीवर अवलंबून असतात. ही लांबी नॅनोमीटरात मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. जांभळ्या रंगाची तरंगलांबी सुमारे ४०० व तांबड्याची सुमारे ७०० असते. जांभळ्याच्याही पलीकडे, ४०० हून आखूड तरंगांचे जे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, ते जंबुपार किरण. तरंग जितका आखूड तितकी त्याच्या एकेका प्रकाशकणातील शक्ती अधिक, हा नियम प्रथम ध्यानी ठेवावा.

रेणूतील इलेक्ट्रॉन स्वभावतः खालच्या पायरीवर असतात. योग्य शक्तीचा प्रकाशकण आला की रेणू तो गिळतो व एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. तेथे तो टिकत नाही. प्रथम रेणूच्या थरथरीत काही शक्ती उष्णतारूपाने झिरपून जाते. नंतर उरलेली शक्ती प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर टाकून इलेक्ट्रॉन पुन्हा खाली येतो. हा सर्व व्यवहार सामान्यतः सेकंदाच्या शंभर कोटीव्या ते दहा कोटीव्या भागात आटोपतो. मोटेने विहिरीतून वर काढलेले पाणी थारोळ्यातून वाफ्यात जाईतो काही वाटेतच मुरते, त्याप्रमाणे वर चढविलेली शक्ती सगळीच्या सगळी प्रकाशरूपाने परत येत नाही. म्हणून परत आलेल्या कणाची शक्ती कमी, आणि शक्ती कमी म्हणून त्याचा तरंग लांब. न दिसणारा जंबुपार प्रकाश आत जातो आणि दिसणारा निळा वा हिरवा प्रकाश बाहेर येतो, ह्याचे कारण हेच.

हा नियम केंब्रिज येथील प्राध्यापक जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स ह्यांनी १८५२ साली मांडला. हिवतापावर आपल्याकडे पूर्वी घराघरांत दिले जाणारे जे कोयनेल, त्याच्याच द्रावणावर त्यांनी प्रयोग केले. लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांनी कोयनेलाची नळी तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सरकवीत नेली. दिसणाऱ्या रंगांत बहुतेक काही घडले नाही. जांभळ्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस केवळ अंधार होता, तेथे नळी निळी उजळली. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून फ्लुओरेसन्स हे नावही स्टोक्स ह्यांनीच दिले.

मग सर्वच द्रव्ये का उजळत नाहीत? कारण वर गेलेल्या इलेक्ट्रॉनास खाली येण्यास अनेक वाटा असतात. बहुतेक रेणू आपली सर्व शक्ती हालचालीत व शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या धडकांत उष्णता म्हणून घालवितात. ज्यांची घडण सपाट, कड्याकड्यांची व ताठर असते, त्यांना अशी हालचाल फारशी करता येत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांची शक्ती प्रकाशाच्या वाटेने जाते. शंभर प्रकाशकण गिळले असता किती परत मिळाले, ह्या प्रमाणास त्या द्रव्याची दीप्ति-क्षमता म्हणावे. कधी कधी इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते, खाली येण्याची वाट फार अरुंद होते व तो अडकून पडतो. तेव्हा जो विलंबाने प्रकाश निघतो तीच अनुदीप्ती.

३. घरी करून पाहण्याचे प्रयोग

नोटा तपासण्यासाठी बाजारात जंबुपार किरणांची छोटी टॉर्च मिळते. तीपैकी ३६५ नॅनोमीटरची घ्यावी. तिचा झोत कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नये. मुलांच्या हाती देऊ नये.

पहिला प्रयोग : पालकाची पाने खलून स्पिरिटात भिजवावी व हिरवे पाणी गाळून काचेच्या पेल्यात घ्यावे. अंधाऱ्या खोलीत बाजूने झोत टाकताच हिरवे पाणी लालभडक दिसेल. ही पानातील हरितद्रव्याची दीप्ती होय. जिवंत पानातही ती असते, पण फार मंद; कारण तेथे बहुतेक शक्ती अन्न तयार करण्यात खर्च होते. स्पिरिटात हरितद्रव्याचे ते काम बंद पडते व प्रकाशाची वाट मोकळी होते.

दुसरा प्रयोग : चिमूटभर हळद स्पिरिटात कालवून निवळी घ्यावी. ती पिवळट हिरवी उजळेल. आता हळद बरीच वाढवून दाट द्रावण करावे. झोताकडील कड तेवढी उजळेल व आतील भाग काळोखा राहील. झोत आत पोचण्यापूर्वीच कडेच्या रेणूंनी गिळून टाकला. द्रव्य वाढले म्हणजे उजेड त्याच मानाने वाढतोच असे नाही, हा ह्यातील धडा.

तिसरा प्रयोग : टॉनिक वॉटर म्हणून जे कडवट पेय मिळते त्यात थोडे कोयनेल असते. ते झोतात निळे उजळते. त्यात खाण्याचे मीठ चिमटीचिमटीने विरघळवीत जावे. निळा उजेड विझत जाईल. कोयनेल तेथेच आहे, कमी झालेले नाही. मिठातील क्लोराइडाने त्याच्या रेणूंची शक्ती प्रकाश होण्याआधीच काढून घेतली. ह्यास दीप्ति-शमन म्हणतात. उजेड दिसला नाही म्हणजे द्रव्य नाहीच असे नव्हे, हा दुसरा धडा.

हे दोन्ही धडे पुढे ढेपेच्या परीक्षेत कामी येणार आहेत.

४. सरकीतील बुरशी व तिचे विष

ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळट हिरवी बुरशी मातीत व काडीकचऱ्यात सर्वत्र असते. उष्ण हवा व ओल मिळाली की ती भुईमूग, मका व सरकी ह्यांवर वाढते आणि ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष उघडकीस आले ते १९६० साली इंग्लंडात. तेथे टर्की जातीच्या पक्ष्यांची लाखावर पिल्ले अल्पावधीत मेली, व शोधाअंती त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड दोषी ठरली. आपल्या देशात १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा ह्या भागांत बुरशीचा मका खाल्ल्यामुळे यकृताचा विकार पसरला. त्यात नोंदलेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. थोडे थोडे विष दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होतो, असे आता निश्चित झाले आहे.

ह्या विषांची नावेच मुळी त्यांच्या दीप्तीवरून पडली आहेत. जंबुपार दिव्याखाली जी निळी उजळतात त्यांस, ब्ल्यू ह्या शब्दावरून, बी-१ व बी-२. जी हिरवी उजळतात त्यांस, ग्रीन ह्या शब्दावरून, जी-१ व जी-२ म्हटले. बी-१ सर्वांत घातक. गाय वा म्हैस हे बी-१ खाते तेव्हा तिच्या यकृतात त्याचे रूपांतर होऊन त्याचा काही अंश दुधात उतरतो. दुधातील ह्या विषास, मिल्क ह्या शब्दावरून, एम-१ म्हणतात. दूध उकळल्याने ते नाहीसे होत नाही.

कापसाच्या बोंडात ही बुरशी शिरते कशी? बोंड उमलताना पाऊस किंवा ओल मिळाली, किंवा बोंडअळीने पाडलेली छिद्रे असली, तर तिला वाट सापडते. गुलाबी बोंडअळी बाहेर पडताना बोंडाच्या सालीस जे भोक पाडते तेच बुरशीचे प्रवेशद्वार होते. २०१७ साली ह्या अळीने विदर्भात केलेला घात सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वेळी नुकसान कापसाच्या वजनात व भावात मोजले गेले. परंतु किडक्या बोंडातील सरकी जनावरांच्या दावणीपर्यंत जाते, ही गोष्टही विचारात घेतली पाहिजे. सरकीतील विष तेलात थोडे उतरते; मुख्यतः ते ढेपेतच राहते.

५. दिव्याखाली दिसते ते काय?

बुरशी लागलेल्या बोंडातील कापूस व सरकीवरची लव जंबुपार दिव्याखाली काजव्यासारखी हिरवट पिवळी चमकते. अमेरिकेतील कापूस-संशोधकांनी १९५५ साली, म्हणजे ॲफ्लाटॉक्सिनचे नावही निघण्यापूर्वी, ह्या चमकेची नोंद केली होती. पुष्कळांची समजूत अशी होते की ही चमक म्हणजेच विष. तसे नाही. बुरशी कोजिक आम्ल नावाचे दुसरे एक द्रव्य सोडते. जिवंत झाडाच्या पेशींतील एका विकराची त्यावर क्रिया होऊन हा चमकणारा पदार्थ बनतो. अर्थात् चमक दिसली तर एवढेच सिद्ध होते की, बोंड झाडावर जिवंत असताना ही बुरशी तेथे येऊन गेली. तिने विष केले असण्याचा संभव मोठा; पण विष किती, हे चमकेवरून सांगता येत नाही.

उलट, सरकी कोठीत भिजली व तेथे बुरशी वाढली, तर पेशी निर्जीव असल्यामुळे ही चमक बनत नाही, तरी विष मात्र बनू शकते. शिवाय निळसर वा पांढरी चमक देणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत : धुण्याच्या पावडरीने धुतलेले कापड, पोत्यातील कृत्रिम धागा, कित्येक यंत्रांची वंगणे. ढेपेत तर सर्व काही भरडून एक झालेले असते. तेथे डोळ्यांनी निवाडा होणेच नाही.

चावडीवर आलेली खबर आणि पाच जणांसमक्ष केलेला पंचनामा ह्यांत जो भेद, तोच दिव्याखालील चमक आणि प्रयोगशाळेतील मापन ह्यांत आहे. खबर आली तर दुर्लक्ष करू नये. पण खबरीवर निकालही देऊ नये. आणि खबर आली नाही म्हणून काही घडलेच नाही असेही मानू नये.

६. मापनाचे यंत्र

प्रतिदीप्ती मोजणाऱ्या यंत्रास दीप्तिमापक म्हणावे. त्याचे भाग पाच. पहिला, प्रखर दिवा. दुसरा, त्याच्या प्रकाशातून हव्या त्या तरंगलांबीचेच किरण पुढे सोडणारी गाळणी. ॲफ्लाटॉक्सिनसाठी ही लांबी सुमारे ३६५ ठेवतात. तिसरा, द्रावणाची काचपेटी. चौथा, बाहेर पडणाऱ्या प्रकाशासाठी दुसरी गाळणी. ही बी-१ साठी सुमारे ४२५ ते ४४० च्या आसपास असते. पाचवा, प्रकाश पकडणारी गुणक नळी, जिच्यात एका प्रकाशकणाने सुटलेला एक इलेक्ट्रॉन पायरीपायरीने वाढत लाखो होतो व त्याचा विद्युत्प्रवाह मोजता येतो.

ही नळी दिव्याच्या समोर ठेवीत नाहीत; काटकोनात, बाजूस ठेवतात. समोर ठेविल्यास दिव्याच्या झगमगाटात मंद दीप्ती बुडून जाईल. द्रव्याने किती प्रकाश गिळला हे समोरून मोजण्याची रीतही आहे. पण ती भरलेली गाडी तोलून, मग रिकामी गाडी तोलून, वजाबाकीने माल काढण्यासारखी आहे. गाडीच्या काट्यावर मूठभर मालाचा फरक कळत नाही. दीप्तिमापन म्हणजे तीच मूठ सोनाराच्या तराजूत एकटी घालणे. म्हणूनच ते अतिशय सूक्ष्म मात्रांस लागू पडते.

ती सूक्ष्मता किती लागते ते पाहा. भारतीय मानक ब्यूरोच्या २००९ च्या मानकात गुरांच्या मिश्र खाद्यासाठी बी-१ ची मर्यादा किलोस २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे पन्नास टन खाद्यात एक ग्रॅम. दुधातील एम-१ ची आपल्या देशातील मर्यादा किलोस अर्धा मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे वीस लाख किलो दुधात एक ग्रॅम. युरोपात ती ह्याच्याही एक दशांश आहे.

७. आकडा कसा काढतात

ढेप यंत्रात तशीच घालता येत नाही. तिच्यातील इतर शेकडो द्रव्येही प्रकाश देतील वा शोषतील. म्हणून प्रथम दळलेली ढेप मेथॅनॉल व पाणी ह्यांच्या मिश्रणात घुसळून विष त्यात उतरवितात. मग तो अर्क अशा एका बारीक नळीतून सोडतात की जिच्यात ॲफ्लाटॉक्सिनलाच पकडणारी प्रतिपिंडे बसविलेली असतात. बाकीचे वाहून जाते. पकडलेले विष शुद्ध मेथॅनॉलने सोडवून घेतात. अधिक काटेकोर काम असेल तेव्हा वर्णलेखनाच्या यंत्राने चारही प्रकार एकामागून एक वेगळे करून प्रत्येकाची दीप्ती स्वतंत्र मोजतात. पाण्यात बी-१ चे तेज मंदावते. हे एक प्रकारचे दीप्ति-शमनच होय. म्हणून ब्रोमीन वा आयोडीन ह्यांसारख्या द्रव्याने त्याचा रेणू थोडा बदलून तेज वाढवून घेतात.

आता हिशोब. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. विष नसलेले कोरे द्रावण यंत्रात घातले असता काटा ४ दाखवितो. हे बारदानाचे वजन समजावे. ते प्रत्येक वेळी वजा करावयाचे. ज्यात दर मिलिलिटरास १, २ व ४ नॅनोग्रॅम विष मुद्दाम मिसळले आहे अशी तीन प्रमाण द्रावणे अनुक्रमे २४, ४४ व ८४ दाखवितात. बारदान वजा जाता २०, ४० व ८०. म्हणजे एका नॅनोग्रॅमास २० घरे, आणि तीनही बिंदू एका सरळ रेषेवर येतात. रेषा सरळ आहे तोवरच ही त्रैराशिकाची रीत चालते. द्रावण दाट झाल्यास हळदीच्या प्रयोगाप्रमाणे रेषा वाकते, व तेव्हा द्रावण पातळ करून पुन्हा मोजावे लागते.

समजा, २५ ग्रॅम ढेप १०० मिलिलिटर द्रवात घुसळली. त्यातील ४ मिलिलिटर अर्क, म्हणजे १ ग्रॅम ढेपेचा अंश, नळीतून शुद्ध करून शेवटी १० मिलिलिटर द्रावण केले. यंत्राने ५४ दाखविले. त्यातून ४ वजा जाता ५०. ५० भागिले २० म्हणजे दर मिलिलिटरास अडीच नॅनोग्रॅम. १० मिलिलिटरांत २५ नॅनोग्रॅम. हे १ ग्रॅम ढेपेतील विष. अर्थात् किलोस २५ मायक्रोग्रॅम. उपरोक्त २० च्या मर्यादेशी ताडून पाहता ही ढेप बाद ठरते.

ह्या हिशोबातील एकही पायरी गाळली तर आकडा खोटा होतो. बारदान वजा केले नाही तर स्वच्छ मालही दोषी दिसेल. प्रमाण द्रावण रोज ताडले नाही तर दिवा जुना होऊन मंदावल्याचे कळणार नाही व दोषी माल सुटेल. द्रावण तापले तरीही बहुधा तेज घटते. ह्यास्तव ज्या अहवालात नुसते ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहिले आहे त्यापेक्षा ज्यात आकडा, त्याचे एकक, तपासणीची रीत व नमुन्याचा क्रमांक लिहिला आहे तो अहवाल मागावा.

८. ह्या आकड्याचा दुधाशी संबंध

गाईने खाल्लेल्या बी-१ पैकी साधारणतः शेकडा १ ते २ भाग एम-१ होऊन दुधात येतो; भरपूर दूध देणाऱ्या जनावरांत तो शेकडा ६ पर्यंतही जातो. एक गाय रोज ३ किलो ढेप खाते व १० लिटर दूध देते असे धरू. ढेपेत किलोस १०० मायक्रोग्रॅम विष असेल तर पोटात ३०० गेले, शेकडा २ प्रमाणे दुधात ६ आले, लिटरास ०.६. मर्यादा ०.५ ची. म्हणजे दूध बाद. तीच ढेप २० मायक्रोग्रॅमची असेल तर दुधात लिटरास ०.१२ येईल; आपल्या मर्यादेत ते बसते.

हा प्रश्न कागदावरचा नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभर केलेल्या दुधाच्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने एम-१ च्या मर्यादेबाहेर आढळले. म्हणजे शेकडा ५.७. हे विष दुधात कोणी भेसळ म्हणून घालीत नाही. ते खुराकातून येते. आणि आपल्या घरचे दूध प्रथम आपल्याच घरची लेकरे पितात. समाधानाची बाब इतकीच की, दूषित खुराक बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध बहुतांशी शुद्ध होते.

९. नमुना हाच पाया

यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी ते त्याच्या पुढ्यात आलेल्या मुठीचीच साक्ष देते. हे विष मालात सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत एखाद-दुसरा दाणा अतिविषारी व बाकी निर्दोष, अशी स्थिती असते. वरच्या एका पोत्यातून उचललेल्या मुठीत तो दाणा आला तर सर्व माल वाईट ठरेल, न आला तर सर्व चांगला. ज्यांनी आणेवारीसाठी पीककापणीचा प्रयोग पाहिला आहे त्यांस हे सांगणे नको. बांधावरचा डौलदार तुकडा निवडून गावचे पीक ठरवीत नाहीत. तुकडा कोणता घ्यावयाचा ते पाहणाऱ्याच्या मर्जीवर ठेवीतच नाहीत.

म्हणून अनेक पोत्यांतून, प्रत्येकाच्या वरून, मधून व तळातून थोडा थोडा माल काढावा. तो सर्व एकत्र करून बारीक भरडावा. ढीग पसरून त्याचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन ठेवावे, दोन काढून टाकावे. पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करावे. असे करीत सुमारे एक किलो उरला म्हणजे तो कोरड्या कागदी पिशवीत भरून तारीख, मालाचे वर्णन व क्रमांक लिहून पाठवावा. ओल्या वा प्लास्टिकच्या पिशवीत नमुना वाटेतच बुरसतो.

१०. तात्पर्य

मापन हे दोष दाखविते. दोष टाळणे आपल्या हाती आहे. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस व शेवटची कवडी एकत्र करू नये. फरदड घेऊन अळीस आश्रय देऊ नये. भिजलेला कापूस वाळविल्यावाचून गंजीत घालू नये. ढेप जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी, व पावसाळ्यात महिन्याभराहून अधिक साठा करू नये. ज्या ढेपेवर डोळ्यांस बुरशी दिसते ती, नुकसान सोसूनही, दुभत्या जनावरास घालू नये.

राहिला खर्चाचा प्रश्न. एका शेतकऱ्याने दोन पोत्यांसाठी तपासणी करविणे परवडत नाही. पण गावातील वीस-पंचवीस घरांनी मिळून गाडीभर ढेप घेतली, तर तीच तपासणी पोत्यामागे नाममात्र खर्चात पडते, व गिरणीवाल्यासही कळते की हे गिऱ्हाईक आकडा मागते. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेले पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाही तेथेच आहे. नमुना कोठे व कसा पाठवावा ह्याविषयी तेथील जाणकारांचा सल्ला मंडळामार्फत विचारता येईल. ढेपेचा भाव आपण दर आठवड्यास विचारतो. त्याच तोंडाने तिच्यातील विषाचा आकडाही विचारण्याची सवय आपणांस लागली पाहिजे.

उजळणीसाठी प्रश्न

१. जंबुपार प्रकाश टाकला असता निळा प्रकाश परत येतो, पण निळा टाकून जंबुपार सामान्यतः परत येत नाही. ह्याचे कारण सांगा.

२. सरकीवर हिरवट पिवळी चमक दिसली नाही, म्हणून ती निर्विष आहे असे म्हणता येईल काय?

३. वरील उदाहरणातील यंत्राने दुसऱ्या एका ढेपेच्या तशाच तयार केलेल्या द्रावणास ३४ दाखविले. ढेपेत किलोस किती मायक्रोग्रॅम विष आहे ते काढा, व ती २० च्या मर्यादेत बसते की नाही ते सांगा.

४. दुभत्या म्हशीस रोज ४ किलो ढेप घातली व ती ८ लिटर दूध देते. ढेपेत किलोस ५० मायक्रोग्रॅम विष असून त्याचा शेकडा २ भाग दुधात उतरतो असे धरल्यास, ते दूध आपल्या देशातील मर्यादेत बसेल काय? मर्यादेच्या अगदी काठावर आलेले दूध घरच्या मुलांस द्यावे काय, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.